सूखी है, मॅडम!

ऑफिसमधल्या एसीवरून एकदाही भांडण केलेलं नाही असा माणूस मला दाखवा, मी त्याला कॉफी पाजते. आमच्या जुन्या ऑफिसात तर दोन पार्ट्याच होत्या. एक २० वाल्यांची, दुसरी २६ वाल्यांची. मी अर्थातच दुसऱ्या पार्टीत. मे महिन्यात अंगावर शाल घेऊन बसणारी बया म्हणून मी अख्ख्या मजल्यावर फेमस होते. नोकरी सोडून फ्रीलान्सिंग सुरू केलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद कशाचा झाला असेल, तर त्या रिमोटच्या तावडीतून सुटल्याचा.

आणि अशा मुलीने मागच्या डिसेंबरात काय करावं? तर लॅपटॉप उचलून दोन महिन्यांसाठी कुलू खोऱ्यात राहायला जावं! काम काय, कुठूनही करता येतं. मग कोथरूडच्या ट्रॅफिकचे हॉर्न ऐकत करण्यापेक्षा बर्फाकडे बघत करू, असा सिंपल फंडा. नग्गरच्या वरच्या अंगाला एका गावात खोली मिळाली. फोटो एकदम झक्कास. लाकडी भिंती, खिडकीतून देवदार, कोपऱ्यात काळ्या पत्र्याची शेगडी. खाली सोयींच्या यादीत गरम पाणी, वायफाय आणि 'वुड फायर हीटिंग'. क्लिक केलं, पैसे भरले.

पोचल्यावर कळलं, की 'वुड फायर हीटिंग'मधलं फायर त्यांचं. वुड आपलं आपण आणायचं.

त्या शेगडीला तिकडे तंदूर म्हणतात. (मला तंदूर म्हटल्यावर बटर नान आठवला. हसू नका, तुम्हालाही तेच आठवलं असतं.) खोलीच्या मधोमध चार पायांवर उभी पत्र्याची पेटी, पुढे लाकूड घालायला छोटं दार, खाली राखेचा कप्पा, आणि मागून निघून छतातून बाहेर जाणारा पाइप. पाइपमध्ये एक झडप असते. ती आडवी केली की हवेचा ओढा कमी होतो आणि आग सावकाश जळते. वर सपाट पत्रा, त्यावर दिवसभर किटली. काश्मिरात याच्याच भावंडाला बुखारी म्हणतात. घरोघरी स्वयंपाकाला गॅस आहे हो, पण खोली काही गॅसवर गरम होत नाही. तिथल्या रात्री शून्याच्या खाली जातात आणि बर्फ पडला की लाइट पहिली जाते. म्हणजे रूम हीटर नावाची वस्तू नेमकी हवी तेव्हा शोभेची.

तर लाकूड. दुसऱ्याच दिवशी रस्त्यावर एक पिकअप दिसला, लाकडाने भरलेला. मी भाजीवालीला 'ताजी आहे ना?' विचारतात त्या सुरात विचारलं, "भैया, सूखी है?"

"एकदम सूखी है, मॅडम!"

तुम्हीच सांगा, यावर उलटतपासणी काय करणार? अर्धी गाडी अंगणात उतरवून घेतली. किती पैसे दिले ते इथे लिहीत नाही, हा कॉलम आई वाचते. वर शहाणपणा म्हणून सगळ्या ढिगाला निळी ताडपत्री गच्च गुंडाळली. ओलं नको व्हायला!

त्या संध्याकाळी तंदूर पेटवायला मला पाऊण तास, दोन वर्तमानपत्रं आणि डोळ्यांतलं सगळं पाणी लागलं. पेटला, तर तो जळेना. नुसता फुसफुसायचा. लाकडाच्या टोकांतून फेस यायला लागला, अक्षरशः बुडबुडे. काल लिहिलेल्या लेखाची प्रूफं वाचत बसलेली मी, आणि समोर कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो तसला आवाज. खोलीभर धूर, पाइपच्या सांध्यातून चहासारखं तपकिरी पाणी टपटप. आणि खोली? जैसे थे. थर्मल, स्वेटर, जॅकेट आणि वर ती ऑफिसातली ऐतिहासिक शाल.

घरमालकीणबाई, म्हणजे आमच्या आंटीजी, धूर बघून वर आल्या. साठीच्या पुढच्या असाव्यात. डोक्याला रुमाल, अंगावर पट्टू, चाल माझ्या दुप्पट. ढिगातली दोन लाकडं उचलून त्यांनी एकमेकांवर आपटली. थप्प. मग मला खाली त्यांच्या पडवीत नेलं, तिथली दोन उचलली, आपटली. टण्ण! क्रिकेटच्या बॅटवर बॉल बसावा तसा आवाज. "सुनाई दिया?" म्हणाल्या. दिया ना, आंटीजी.

पुढचा अर्धा तास मला जे शिक्षण मिळालं, ते मास कॉमच्या दोन वर्षांपेक्षा जास्त उपयोगाचं होतं. (सरांनी वाचलं तर सॉरी.) सुकलेल्या लाकडाच्या टोकाला चिरा पडलेल्या असतात, मधून बाहेर, सूर्याच्या किरणांसारख्या. साल नखाने ओढली तर सुटून येते. हातात घेतलं की दिसतं त्यापेक्षा हलकं लागतं. माझ्या लाकडाला एकही चीर नव्हती, साल चिकटून बसलेली, आणि वजन असं की अर्धी गाडी उतरवताना पाठ धरली होती तेव्हाच मला कळायला हवं होतं. ताज्या तोडलेल्या लाकडात बऱ्याचदा निम्मं वजन पाण्याचंच असतं. म्हणजे दहा किलोला पैसे मोजले, त्यातलं पाच किलो पाणी! आणि ते पाणी वाफ होऊन उडाल्याशिवाय लाकूड धड पेट घेत नाही. जी उष्णता माझ्या गारठलेल्या पायांना मिळायची, ती पाणी उकळण्यात खर्च. चांगल्या जळणात ओलावा २० टक्क्यांच्या खाली हवा, आणि तिथवर यायला लाकडाला किमान एक अख्खा उन्हाळा लागतो. आंटीजींच्या पडवीतलं जळण मागच्या वर्षीचं होतं. छपराच्या खाली, भिंतीपासून वीतभर सोडून, दोन्ही बाजूंनी वारा लागेल असं रचलेलं. ताडपत्री बघून तर त्या कपाळाला हात लावून हसल्या. ओल्या लाकडाला प्लास्टिकमध्ये गुंडाळणं म्हणजे ओल्या केसांवर शॉवर कॅप घालून झोपणं.

बरं, सुकलेलं म्हणजे सगळं सारखं, असंही नाही. आंटीजींच्या पडवीत चार वेगळे ढीग होते आणि कुठल्या वेळी कुठल्या ढिगाला हात घालायचा हे ठरलेलं होतं.

पहिला ढीग कैलचा. कैल म्हणजे तिथला निळसर पानांचा पाइन. हलकं लाकूड, अंगात राळ भरपूर. काडी लावली की भुर्रकन पेटतं, तडतडतं, ठिणग्या उडवतं आणि अर्ध्या तासात गायब. मैफलीत पहिल्या पाच मिनिटांत सगळे जोक संपवणारा मित्र असतो ना, तो. सकाळी तंदूर पेटवायला याच्या बोटाएवढ्या ढलप्या, बास. दिवसभर कैलच जाळत राहिलं तर राळेची काजळी पाइपमध्ये बसते.

दुसरा ढीग देवदाराचा, आणि तो अगदीच बारका. सुतारकामातून उरलेले तुकडे. अख्खा देवदार जाळायची कल्पनाही तिथे कुणाला करवत नाही. एक तर देवाचं झाड, त्यात हिरवं तोडायला कायद्याने मनाई. गावकऱ्यांना घराला लागणारं लाकूड 'टीडी'च्या हक्काने मिळतं. टीडी म्हणजे टिंबर डिस्ट्रिब्युशन, ब्रिटिशांच्या काळापासून चालत आलेली व्यवस्था. देवदाराच्या तेलामुळे त्याला कीड लागत नाही, पाण्याने कुजत नाही. म्हणून तर तिथली जुनी काठकुणी घरं, एक थर दगड, एक थर देवदार, सिमेंट अजिबात नाही, शेकडो वर्षं उभी आहेत. नग्गरचा किल्ला बघून या, कळेल. असलं लाकूड चुलीत घालणं म्हणजे पैठणीने गाडी पुसणं. आंटीजी रोज एकच तुकडा टाकायच्या, संध्याकाळी, वासासाठी. त्या वासाचं अत्तर मिळालं तर मी आत्ता घेईन.

तिसरा ढीग माझा लाडका. सफरचंदाचा. कुलू खोऱ्यात सफरचंद आलं ते १८७० च्या सुमाराला, बंदरोलला एका इंग्रज कॅप्टनने बाग लावली तेव्हा. आता जिकडेतिकडे बागाच. थंडीत झाडं झोपलेली असतात तेव्हा छाटणी होते, म्हातारी झाडं काढून टाकतात, आणि ते सगळं पुढच्या वर्षीचं जळण. जड, घट्ट, लालसर लाकूड. ठिणग्या जवळजवळ नाहीत, ज्योत छोटी, पण ऊब अशी संथ आणि खात्रीची. याच्यावर दुपार काढायची. वाकड्यातिकड्या फांद्या असल्यामुळे रचायला मात्र वैताग.

आणि चौथा बान. बान म्हणजे हिमालयातला ओक. दगडासारखा जड. पानं वरून हिरवी, खालून चंदेरी. तोडल्या तोडल्या फोडायचा. सुकला की कुऱ्हाडीलाही दाद देत नाही. रात्री झोपताना बानचा एक ओंडका निखाऱ्यांवर ठेवायचा, झडप अर्धी करायची, की पहाटेपर्यंत धुगधुगी राहते. पण तो ढीग आंटीजी मोजून वापरायच्या. कारण बान फार हळू वाढतो, त्याचीच पानं थंडीत गुरांना घालायची असतात, आणि बानच्या जंगलातले झरे आटत नाहीत असं तिथली प्रत्येक बाई सांगते. पाठीवर किल्टा, म्हणजे ती निमुळती टोपली, घेऊन चढावरून येणाऱ्या बायका रोज खिडकीतून दिसायच्या. मी झूम कॉलवर 'वर्क-लाइफ बॅलन्स'वर कुणाची तरी मुलाखत घेत असायचे आणि मागून त्या जायच्या. एकदा समोरच्या एचआर बाईंनी विचारलं, 'हाऊ सीनिक! बॅकग्राउंड आहे का?' मी नाही म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

यातली गंमत मला नंतर कळली. किलोच्या हिशेबात बघितलं तर कोरडं लाकूड कुठलंही असो, उष्णता साधारण सारखीच देतं. किलोला साडेचार हजार किलोकॅलरीच्या आसपास. फरक आहे तो वजनाचा. तंदुराच्या पेटीत मावणारं बान आणि तेवढंच कैल, यात बान दीडपटीहून जड. म्हणून एका भरण्यात तो जास्त वेळ पुरतो.

हे सगळं ऐकताना मला राहून राहून वाईची आजी आठवत होती. अंगणात एक हमाम होता. हमाम म्हणजे साबण नव्हे, आपला बंब! मध्ये जाळाची नळी, भोवती पाणी, बाजूला तोटी. सेम टु सेम. आजी बंबात पहाटे उसाची चिपाडं आणि शेंगांची टरफलं घालायची, ती पेटली की बाभळीची फाटी. 'बाभळीसारखं जळण नाही' हे तिचं ठरलेलं वाक्य. आंब्याचं लाकूड आलं की नाक मुरडायची, धूर फार म्हणून. वडा-पिंपळाला तर हातच नाही लावायचा. म्हणजे आमच्या घरातही चार ढिगांचं शास्त्र होतं, फक्त ते मला कुणी शिकवलं नाही. शिकवायच्या आत गॅस गीझर आला आणि तांब्याचा बंब मोडीत गेला. किलोवर.

जानेवारीतली गोष्ट. दोन दिवस बर्फ. लाइट गेली ती गेलीच. आंटीजींनी उसनं दिलेलं सफरचंदाचं जळण संपलं होतं आणि तिसऱ्यांदा मागायची मला लाज वाटली. म्हणून माझ्याच त्या 'एकदम सूखी'वर भागवायचं ठरवलं. तंदूर तासभर धुमसला आणि मग धूर वर जायच्या ऐवजी दारातून खोलीतच यायला लागला. (नंतर पाइप उतरवून ठोकला तेव्हा आतून डांबरासारख्या काळ्या खपल्या निघाल्या, एक पूर्ण सूप भरून. ओलं लाकूड, मंद आग, थंड पाइप, की धुरातलं डांबर तिथेच जमतं. जास्त साठलं तर ते पाइपमध्येच पेट घेतं.) मी तंदूर विझवला, खिडकी उघडून धूर घालवला, खिडकी परत लावली. खिडकीच्या फटींत वर्तमानपत्रांचे बोळे तर मी पहिल्याच आठवड्यात कोंबले होते, दाराखाली टॉवेल. आता खोलीत आग नव्हती आणि बोटं टाइप करेनाशी झाली होती.

अंगणात हमाम होता. त्यात संध्याकाळचे निखारे होते. लालबुंद, सुंदर, धुराचा मागमूस नाही.

मी घमेल्यात भरून आणले. खोलीत ठेवले, शेजारी गादी ओढली. फोटो काढला, स्टोरीवर टाकला. 'निखारे, कॉफी आणि मी.' नेटवर्क जेमतेम एक काडी, तरी अपलोड झालं बघा. दहा मिनिटांत कसली मस्त ऊब आली! डोकं जरा जड झालं. म्हटलं, दिवसभर धुरात होते म्हणून असेल. मळमळलं. म्हटलं, कॉफी उपाशीपोटी घेतली. मग एकदम गाढ झोप यायला लागली, आणि थंडीत अंग आखडून झोपणाऱ्या मला ती हवीहवीशीच वाटली.

आंटीजी वर आल्या त्या माझी चौकशी करायला नाही. हमामजवळचं घमेलं जागेवर नव्हतं, म्हणून. दार ढकललं आणि जे काही ओरडल्या ते मला अर्धवट आठवतंय. उठून उभी राहायला गेले तर गुडघे नव्हतेच. त्यांनी आणि त्यांच्या मुलाने मला काखेत धरून पडवीत बसवलं, घमेलं बर्फात उपडं केलं, चर्रर्र आवाज झाला. मी तिथेच ओकले. डोकं असं ठणकत होतं की बर्फ लावून बसावंसं वाटत होतं.

बॅगेत २०२० सालचा ऑक्सिमीटर होता, कोविडच्या वेळी घेतलेला. बोटाला लावला, ९८. मी म्हटलं, काही झालेलं नाही मला. सकाळी रस्ता उघडल्यावर हॉस्पिटलात नेलं, तेव्हा डॉक्टर तो आकडा ऐकून हसलेसुद्धा नाहीत. म्हणाले, हे यंत्र फसतं. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त आणि ऑक्सिजन असलेलं रक्त, साध्या ऑक्सिमीटरला दोन्ही सारखंच लाल दिसतं. हा वायू आपल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट धरून बसतो. त्याला वास नाही, रंग नाही. आणि धगधगत्या निखाऱ्यांतून, जिथे धुराचा पत्ता नसतो आणि म्हणून आपण बिनधास्त असतो, तिथूनच तो भरपूर निघतो. बंद खोलीत अंगीठी घेऊन झोपलेली माणसं सकाळी उठली नाहीत, ही बातमी उत्तरेत दर थंडीत छापून येते. मी स्वतः एका पेपरात डेस्कवर असताना तसली बातमी लावली होती. सिंगल कॉलम, आतल्या पानावर.

मास्कमधून ऑक्सिजन घेत पडले होते तेव्हा डोक्यात एकच किडा. आजीच्या घरात तर शेगडी आतच असायची! बाळंतिणीच्या खोलीत, थंडीत आजोबांच्या खाटेपाशी. मग? मग आठवलं, की त्या घराला कौलं होती आणि कौलांतून पहाटे तारे दिसायचे. ते घर सगळीकडून श्वास घेत होतं. मी माझ्या खोलीची फट न् फट वर्तमानपत्राने बुजवली होती.

आणि त्यावरून पुढचं आठवलं, आणि मात्र माझी खरी टरकली. मागच्या हिवाळ्यात बाबांना दोनदा बाथरूममध्ये चक्कर आली होती. एकदा तर ते दाराला धरून खाली बसले होते. घरात निदान झालं होतं 'पित्त', मग डॉक्टर झाले, बीपीची गोळी बदलून झाली. आमचा गॅस गीझर बाथरूमच्या आत आहे. चार बाय सहाची जागा. आणि थंडी लागते म्हणून बाबांनीच त्या खिडकीच्या काचेच्या पट्ट्यांवर थर्माकोल लावलंय. गॅस गीझर म्हणजे काय, बंद खोलीतली शेगडीच की. हवा कमी पडली की तोही तेच सोडतो.

हॉस्पिटलातूनच फोन लावला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, माझ्यावर दोन मिनिटं ओरडून घेतलं, आणि मग म्हणाले, "अगं, पण आठ वर्षं आहे तो गीझर."

"बाबा, थर्माकोल मागच्या वर्षी लावलंत."

पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आईचा आवाज आला, "मी काढते. आत्ताच काढते, तू ठेव फोन."

संध्याकाळी तिचा फोटो आला. उघडी खिडकी, आणि फरशीवर थर्माकोलचा पांढरा चुरा. प्लंबर चार दिवसांनी मिळाला. गीझर आता ड्राय बाल्कनीत आहे. तिथून बाथरूमपर्यंत गरम पाणी यायला वेळ लागतो आणि तोवर अर्धी बादली गार पाणी वाया जातं, म्हणून आई रोज कटकट करते. ते पाणी ती कुंड्यांना घालते. बाबांना या थंडीत अजून तरी चक्कर आलेली नाही.

माझी ती अर्धी गाडी आंटीजींच्या पडवीत रचून आले. ताडपत्री काढून, भिंतीपासून वीतभर सोडून. त्यांचा परवा फोन होता. म्हणाल्या, "तेरी लकडी अब सूख गई है, बेटा. कब आ रही है?"